रेडिएटरकाका

रेडिएटरकाका ही जात बहुतेक मोठ्या सोसायट्यांत आढळते. वय पन्नाशीच्या पुढे, पोशाख जुनी बर्म्युडा आणि बँकेने फुकट दिलेला टी-शर्ट, वेळ रविवार सकाळ, ठिकाण उघडे बॉनेट. जवळ पाना, टब, फडके आणि स्वयंपाकघरातून न विचारता आणलेले नरसाळे.

जातीचा उगम फियाट-अँबॅसेडरच्या काळातला. खंबाटकी किंवा कशेडी चढताना गाडी उकळणे हा तेव्हा प्रवासाचाच भाग होता आणि डिकीत पाण्याचा कॅन असल्याशिवाय कोणी घाटाला लागत नसे. पुढे गाड्या सुधारल्या, कॅन गेला. काकांची धास्ती मात्र गेली नाही.

काकांचे शास्त्र पक्के असते. नुसते पाणी 100 अंशांना उकळते. त्यात निम्मे इथिलीन ग्लायकॉल मिसळले आणि झाकणाने सुमारे 1 बार दाब धरला, की तेच मिश्रण 125 अंशांच्याही पुढे तग धरते. ते उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही, ही माहिती काका पुण्याच्या मे महिन्यात विशेष अभिमानाने देतात. बोअरचे पाणी ते गाडीत घालू देत नाहीत, कारण त्यातला क्षार नळ्यांत थर धरतो. दोन जातींचे कूलंट एकत्र केले तर गाळ होऊ शकतो. रंगावर जाऊ नये, रंग कंपनीगणिक बदलतो. गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेच भरावे. काकांची पुस्तिका लॅमिनेट केलेली असते.

सफाईचा क्रम ठरलेला. आधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण फिरवले तर उकळते पाणी थेट तोंडावर येते. मग हीटरचे बटण पूर्ण गरमवर, म्हणजे डॅशबोर्डमागच्या हीटर कोअरचीही वाट मोकळी राहते. खालचा ड्रेन कॉक उघडून जुने कूलंट टबात घ्यायचे, शुद्ध पाणी भरायचे, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवायचे, थंड झाल्यावर पुन्हा रिकामे करायचे. पाणी नितळ येईपर्यंत हेच. हीटरचे दोन्ही होस सोडून उलट बाजूने पाणी सोडताना धार मंद ठेवायची. जोर केला तर जुना कोअर फुटतो आणि तो बदलायला बऱ्याच गाड्यांचा सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

शेवटी नवे कूलंट भरून हवा काढणे. झाकण उघडे, इंजिन चालू, आणि काका नरसाळ्यात डोळे लावून बसलेले. एक बुडबुडा येतो. बराच वेळ काही नाही. मग आणखी एक. बुडबुडे थांबल्याशिवाय झाकण लावायचे नाही, कारण अडकलेली हवा पाणी फिरू देत नाही. या वेळी "काय चाललंय?" असे सहज विचारणाऱ्या शेजाऱ्याची दूध आणायची वेळ टळून जाते.

जुने कूलंट गटारात ओतायचे नाही. ते चवीला गोड आणि विषारी. कुत्र्यामांजरांनी चाटले तर मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून ते डब्यात भरून गॅरेजकडे जायचे असते. जाईपर्यंत ते गॅलरीत राहते. नरसाळेही स्वयंपाकघरात परतत नाही. त्यावर घरात काय बोलले जाते, ते पार्किंगपर्यंत ऐकू येते.

ही सफाई काही वर्षांतून एकदा पुरते. काका पाण्याची पातळी मात्र दर रविवारी बघतात आणि एप्रिलमध्येही घरच्यांना गाडीत बसवून हीटर चालवून पाहतात. घाटात तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता आत येते आणि गाडी बाजूला घेईपर्यंत निभावते. हे काकांना पाठ आहे. पण इतक्या निगराणीनंतर काटा कधी चढतच नाही, ही त्यांची खंत.

मग ते इतरांच्या गाड्यांकडे वळतात. काचेवर चिकट धुके, आत गोडसर वास, डावीकडच्या सीटपुढचा गालिचा ओला: हीटर कोअर गळतोय. इंजिन ऑइल दुधाळ: हेड गॅसकेटचा संशय. निदान बहुधा बरोबर निघते आणि त्यामुळेच लोक त्यांना टाळतात.

सोसायटीत पहिली विजेवरची गाडी येते, तेव्हा या जातीचा काळ संपला असे सर्वांना वाटते. तरुण मालक म्हणतोही, "काका, यात इंजिनच नाही." काका बॉनेट उघडायला लावतात. आत कूलंटची टाकी असते, पातळीच्या खुणांसकट. अशा बऱ्याच गाड्यांची बॅटरीही कूलंटनेच थंड ठेवतात. काका पुस्तिका मागतात. मालकाने ती अजून प्लास्टिकमधून काढलेली नसते.