चषकाचे आयोजक

सोयाबीन निघून रानं मोकळी झाली की पुसेगावात आयोजक दिसायला लागतात. तसा माणूस वर्षभर गावातच असतो, पण तेव्हा तो नुसता शेतकरी असतो. हातात पावतीबुक आलं की चाल बदलते.

'भव्य टेनिस बॉल क्रिकेट सामने' या कामात क्रिकेट सर्वांत शेवटी येतं. आधी फोन. "नाही साहेब, सेवागिरी महाराजांचं पुसेगाव ते साताऱ्याकडलं. आपलं सेनगाव तालुक्यातलं, जिल्हा हिंगोली." समोरच्यानं तोवर साताऱ्याच्या समजुतीत पाच हजार कबूल केलेले असतात. गैरसमज दूर होतो, पाच हजार होत नाहीत.

मग फ्लेक्स. आयोजकांची खरी कसोटी इथं लागते. खत-बियाणेवाल्यानं दुसरं बक्षीस दिलेलं, हार्डवेअरवाल्यानं तिसरं. पण हार्डवेअरवाल्याचा फोटो वर गेला. "मला त्याच्या खाली लावायलाव का? मग पैसे बी त्याच्याकडूनच घ्या." एका रात्रीत फ्लेक्स बदलला आणि सगळे फोटो वर्तुळात आले, कारण वर्तुळात वरखाली नसतं. सकाळी तिसराच देणगीदार विचारत आला, "मधी कोण हाय?" आयोजक शांतपणे म्हणाले, "मधी चषक."

पहिलं बक्षीस 51,001 रुपये, आडत्याच्या वतीनं. सामने जानेवारीत आणि आडत्याचा शब्द हळदीवर. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, मग हिंगोलीच्या मोंढ्यात न्यायची. म्हणजे विजेत्या संघाला रोख रक्कम उन्हाळ्यात. तोवर दारातून आत न जाणारा पुठ्ठ्याचा चेक. उरलेली रक्कम शाळेच्या कंपाउंडला, असं पत्रकावर दरसाल छापलेलं असतं. कंपाउंड अजून व्हायचं आहे.

मोठ्या शहरांतल्या कंपन्या धर्मादाय कामासाठी गोल्फच्या स्पर्धा भरवतात, तिथंही कारभार फार वेगळा नसतो. अठरा खड्डे, आणि खड्ड्याखड्ड्यापाशी पुरस्कर्त्याची पाटी. ठरलेल्या खड्ड्यात एका फटक्यात चेंडू घालणाऱ्याला मोटारगाडी. कोणी खरोखरच घातला तर पंचाईत नको, म्हणून आयोजकांनी आधीच विमा उतरवलेला. पुसेगावात मोटारीच्या जागी बोकड असतो: 'सलग सहा षटकार मारणाऱ्यास'. विमा कंपनीच्या जागी आयोजकांचा मेव्हणा. तो पंच आहे आणि पंचाचा निर्णय अंतिम राहील, हेही पत्रकावर ठळक छापलेलं आहे.

हसणं सोपं आहे. पण खेळपट्टीवर रात्री टँकरनं पाणी मारणारा, सकाळी ट्रॅक्टरमागे रोलर फिरवणारा, बाहेरगावच्या पोरांना पिठलं-भाकरी घालणारा हाच माणूस. बायकोला विचारलं तर ती टँकरच्या बिलाचं सांगेल. न विचारता सांगेल.

बोकड सीमारेषेजवळ बाभळीला बांधलेला होता, गळ्यात झेंडूची माळ. शेजारच्या गावच्या एका काटकुळ्या पोरानं पहिले चार चेंडू लागोपाठ बाहेर भिरकावले. आयोजकांनी माइक हातात घेतला. बोकड उधार आणलेला होता, आणि ही गोष्ट मैदानात फक्त त्यांना आणि बोकडाच्या मालकाला ठाऊक होती. पाचवा षटकार तुरीच्या रानात गेला. पोरं शोधायला धावली, तूर कमरेच्या वर, चेंडू सापडेना. नवा चेंडू आला आणि माइकवर घोषणा झाली: "चेंडू बदलल्यामुळं सलगपणा इथं खंडित होत आहे. खेळाडूनं सहकार्य करावं."

गोंधळ अर्धा तास चालला. सहावाही षटकारच गेला. शेवटी त्या पोराला उत्तेजनार्थ कोंबडा देऊन मिटवलं.

यंदाच्या पत्रकात अट सुधारून आली आहे: एका षटकात सलग सात षटकार मारणाऱ्यास बोकड. पारावर एकानं वाचून दाखवलं तेव्हा कॉलेजात जाणारं पोरगं म्हणालं, "दादा, ऋतुराज गायकवाडनं 2022 ला विजय हजारे करंडकात एका षटकात सात मारलेत की."

"मारले ना," आयोजक म्हणाले, "पण त्यातला एक नो-बॉल होता. अन् नो-बॉल द्यायला पंच लागतो."