दाजींच्या ऑटोमॅटिक पिकअपची निगा व चिकित्सा

कुसगावात पिकअप म्हणजे बोलेरो. भाताची पोती, सिमेंट, वऱ्हाड, गणपती, सगळं तिच्यातूनच जातं. बिघडली तर काय करायचं हे पोरासोरांनाही ठाऊक असतं: धक्का मारायचा. ऑटोमॅटिक पिकअप शनिवारी येते, फार्महाऊसवाल्यांबरोबर. आमचे दाजी त्यांपैकीच. सबब लोकहितार्थ ही नियमावली.

ओळख : क्लच नाही म्हणजे ऑटोमॅटिक. कुठली, ते पाहायचं. गिअर पडताना बसलेल्यांच्या माना डोलल्या तर बहुधा एएमटी. आत साधाच गिअरबॉक्स असतो, क्लच दाबायला फक्त यंत्र ठेवलेलं. व्ही-क्रॉस, हायलक्स यांत मिळते ती टॉर्क कन्व्हर्टरवाली, सहा गिअरची. इंजिनाकडचा पंखा तेल फेकतो, त्या तेलानं गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. दाजी याला 'कॉम्प्युटर' म्हणतात.

तेल : लालसर असावं. काळपट झालं, करपल्याचा वास आला, तर मिस्त्रीकडे न्यावी. गाडीखाली लाल डाग दिसला तर मात्र आधी टपरीवर पान खाणाऱ्यांची चौकशी करावी. बोट लावून वास घेण्यापूर्वी तर नक्कीच.

धक्का स्टार्ट : होत नाही. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, मग आत काहीच पकड घेत नाही. हे टपरीवर समजावू नये, माणसं दुखावतात. मागची चाकं जमिनीवर ठेवून टोचनही लावू नये. पंपाअभावी गिअरबॉक्स कोरडा फिरतो. फ्लॅटबेड बोलवावा.

बोरघाट उतरताना : लिव्हर मॅन्युअलला घेऊन खालचा गिअर टाकावा, इंजिनच गाडी धरतं. दाजी न्यूट्रल करतात. डिझेल वाचतं म्हणे. बत्तीस लाखांची गाडी घेणाऱ्यानं घाटात चमचाभर डिझेल वाचवावं आणि ताई शेजारी डोळे मिटून बसलेली असावी, याला काय म्हणावं!

लिव्हर 'पी'त अडकणे : हा खास फार्महाऊसचा आजार. उतारावर ब्रेक दाबून धरावा, न्यूट्रल करावं, हँडब्रेक ओढावा, ब्रेक हळूच सोडून गाडी हँडब्रेकवर टेकू द्यावी. 'पी' सगळ्यात शेवटी. दाजी सरळ 'पी' टाकून चहाला जातात. गाडीचा सगळा भार मग गिअरबॉक्समधल्या बोटाएवढ्या खिट्टीवर येतो. ती अशी आवळते, की लिव्हर हलता हलत नाही.

उपाय : चाकांना खालच्या बाजूनं दगड लावावेत. दाजींना ब्रेकवर पाय ठेवायला सांगावं, आणि ठेवलाय का हे वाकून पाहावं. धक्का चढाच्या दिशेनं. दाजींनी "हं" म्हटल्यावर ब्रेक सोडायचा, गाडी वितभर वर सरकली की पुन्हा दाबायचा, आणि तेवढ्यात लिव्हर ओढायचा. खट्ट आवाज होतो. गेल्या खेपेला टपरीवरची झाडून सगळी मंडळी धावली; अखेर धक्क्याची गरज पडली, याचाच त्यांना आनंद.

लिव्हर सुटला तसे दाजी काच खाली करून म्हणाले, "बघितलंत? म्हणून ऑटोमॅटिक घेतली. आपल्याला काही करावंच लागत नाही." मागं सगळे गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होते.