सील फोडा!

‘वॉल्ट डिस्ने ट्रेझर्स’ या डीव्हीडी-मालिकेचे पत्र्याचे डबे आजही जुन्या मालाच्या ऑनलाइन बाजारात विकायला येतात. विकणारा सगळ्यात आधी काय सांगतो? सील पॅक आहे. मग काय सांगतो? संचाचा नंबर. आत कोणती चित्रं आहेत, हे तिसऱ्या-चौथ्या ओळीत, तेही आठवलं तर. मला या क्रमाचा मनापासून राग येतो. 1927 साली हातानं काढलेली चित्रं ज्या डिस्कवर आहेत, ती डिस्क एकदाही प्लेअरमध्ये गेली नाही म्हणून तिचा भाव चढतो. याला मी संग्रह म्हणणार नाही. ही साठेबाजी आहे.

मालिका मात्र अस्सल होती. 2001च्या डिसेंबरात ती सुरू झाली आणि 2009मध्ये ‘झोरो’च्या दोन संचांवर थांबली. एकूण 30 संच निघाले. काळा-पांढरा मिकी, रंगीत मिकी, सालानुसार लावलेला डोनाल्ड, गूफी, प्लूटो, ‘सिली सिंफनीज’, युद्धकाळातले प्रचारपट, डिस्नेलँडवरचे टीव्हीचे कार्यक्रम. बहुतेक संचांत दोन डिस्क, नंबर घातलेलं प्रमाणपत्र आणि प्रस्तावनेला लेनर्ड मॉल्टिन. मॉल्टिन म्हणजे 1973 साली ‘द डिस्ने फिल्म्स’ हे पुस्तक लिहिणारा अभ्यासक. कॅमेऱ्यासमोर उभा राहून तो मालाची तारीफ करत नाही. हे चित्र कधीचं, कोणाच्या हातचं, त्या वेळी त्यात नवं काय होतं, ते सांगतो. कार्टून म्हणजे पोरांना जेवताना लावून द्यायची गोष्ट, असं मानणाऱ्यांनी ‘सिली सिंफनीज’च्या संचातली दोन चित्रं पाठोपाठ बघावीत. 1929चं ‘द स्केलेटन डान्स’ आणि 1932चं ‘फ्लॉवर्स अँड ट्रीज’. मध्ये तीनच वर्षं. पहिल्यात काळ्या पार्श्वभूमीवर सांगाडे संगीताच्या ठेक्यावर नाचतात. दुसरं काळं-पांढरं सुरू झालं होतं. तीन रंगांचं टेक्निकलर हाती येताच ते पुन्हा रंगवायला घेतलं गेलं आणि कार्टूनसाठी दिलेलं पहिलं ऑस्कर त्यालाच मिळालं. ही झेप लेखात वाचून कळत नाही, डोळ्यांनीच बघावी लागते.

तिसांतला एकच संच घरात ठेवायचा झाला तर मी ओस्वाल्डचा ठेवीन. ओस्वाल्ड म्हणजे मिकीच्या आधीचा ससा. 1927मध्ये वॉल्ट डिस्ने आणि त्याचा जोडीदार अब आयवर्क्स यांनी तो युनिव्हर्सलसाठी उभा केला. चित्रं चालली. 1928च्या सुरुवातीला वॉल्ट जास्त पैसे मागायला न्यूयॉर्कला गेला, तेव्हा मध्यस्थ चार्ल्स मिंट्झनं त्याला स्वच्छ सांगितलं की ससा तुझा नाही, आणि तुझे बहुतेक चित्रकारही मी फोडले आहेत. आयवर्क्स मात्र फुटला नाही. त्यातून मिकी आला. ससा पुढे 78 वर्षं परक्या घरात राहिला. 2006मध्ये डिस्नेला त्याचे हक्क परत मिळाले ते एका क्रीडा-समालोचकाच्या बदल्यात. अल मायकल्स यांना युनिव्हर्सलच्याच समूहातल्या एनबीसी वाहिनीकडे जाऊ द्यायचं आणि ससा घ्यायचा, असा तो व्यवहार झाला. पुढच्याच वर्षी हा संच निघाला. त्यात आयवर्क्सवरचा, त्याच्या नातीनं केलेला पूर्ण लांबीचा माहितीपटही आहे. मिकीची सुरुवातीची चित्रं कोणाच्या हातातून उतरली, हे स्टुडिओनं स्वतःच्या नावानं निघालेल्या संचात सांगितलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण त्या संचात ओस्वाल्डची चित्रं किती? डिस्नेनं केली होती 26, संचात आली 13. बाकीची मिळाली नाहीत. ज्या स्टुडिओनं ती काढली त्याच्याकडे नव्हती, ज्या कंपनीनं ती वाटली तिच्याकडेही नव्हती.

पुढे त्यातली काही सापडली. कुठे? ‘हंग्री होबोज’ इंग्लंडमधल्या एका खासगी फिल्मसंग्रहात निघालं आणि 2011मध्ये लिलावात गेलं. ‘एम्प्टी सॉक्स’ नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. ‘स्ले बेल्स’ 2015मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या कपाटात. आणि ‘नेक अँड नेक’ची गोष्ट तर प्रत्येक संग्राहकानं लिहून ठेवावी अशी आहे. जपानमधल्या एका मुलानं ओसाकाच्या खेळण्यांच्या घाऊक बाजारातून घरच्या प्रोजेक्टरवर लावायचं एक रीळ 500 येनला घेतलं. ते बघितलं, जपून ठेवलं. तो मुलगा मोठा होऊन ॲनिमेशनचा अभ्यासक झाला. आपल्याकडे जे आहे ते डिस्नेचं हरवलेलं चित्र आहे, हे 2018मध्ये उघड झालं, तेव्हा त्यांचं वय 84 होतं.

या रिळावर ना नंबर होता, ना त्याला प्रमाणपत्र. ते खेळणं म्हणून विकलं गेलं. अमेरिकेत जे टिकलं नाही ते ओसाकात टिकलं, कारण प्रती पसरल्या होत्या. चित्रपट वाचतो तो असा: एक प्रत जळते, एक कुजते, एक रद्दीत जाते आणि एक कुणाच्या तरी घरात राहून जाते. जितक्या प्रती जास्त घरांत, तितकी ही शक्यता जास्त.

म्हणून मर्यादित आवृत्तीवर माझा आक्षेप आहे. डिस्नेनं सुरुवातीला एकेका संचाच्या लाखाच्या वर प्रती काढल्या. नंतर आकडा उतरत गेला. 2008च्या ‘डॉ. सिन’ या संचाच्या 39,500 निघाल्या. डॉ. सिन म्हणजे दिवसा पाद्री आणि रात्री बुजगावण्याचा मुखवटा घालून घोड्यावर फिरणारा तस्कर. 1964मध्ये तीन भागांत टीव्हीवर आला होता आणि ज्यांनी तो लहानपणी बघितला ते जन्मभर विसरले नव्हते. संच हातोहात संपला. त्यानंतर दोनच महिन्यांत, 2009च्या जानेवारीत, त्यातला नायक पॅट्रिक मॅकगूहन वारला. ज्यांना हवा होता त्यांना संच मिळेना, ज्यांनी चार-चार घेऊन ठेवले होते त्यांची चांदी झाली. मॅकगूहनच्या चाहत्याला त्या आठवड्यात काय हवं होतं? त्याचं काम बघायला हवं होतं. त्याच्या हाती आली ती दुप्पट-तिप्पट किमतीची बोली.

खप उतरत होता म्हणून प्रती कमी काढल्या, हे मला मान्य आहे. धंदा आहे, तोट्यात कोणी छापणार नाही. पण कमी छापणं वेगळं आणि पुन्हा छापणार नाही असं सांगून विकणं वेगळं. पहिल्यात हिशोब आहे. दुसऱ्यात गिऱ्हाइकाच्या मनात भीती घालणं आहे: आत्ता घे, नाहीतर कायमचं मुकशील. घाबरून घेतलेली वस्तू माणूस वापरत नाही, जपतो. तिथूनच सील पॅकचा रोग लागतो.

आणि सील न फोडणारा कशाला मुकतो, ते ऐका. 2004मध्ये निघालेल्या ‘ऑन द फ्रंट लाइन्स’ या संचात ‘द न्यू स्पिरिट’ नावाचं 1942चं छोटं चित्र आहे. अमेरिकेच्या अर्थखात्यानं ते करून घेतलं. युद्धासाठी पैसा हवा आहे, लोकांनी आयकर वेळेवर भरावा, एवढा त्याचा विषय. डोनाल्ड डक टेबलाशी बसून फॉर्म भरतो. व्यवसायाच्या रकान्यात लिहितो, अभिनेता. अवलंबितांमध्ये तिघे पुतणे. कर निघतो 13 डॉलर. मग तो पाकीट टपालात टाकत नाही. कॅलिफोर्नियातून धावत सुटतो आणि वॉशिंग्टनला जाऊन हातानं कर भरून येतो. करखात्याचा जाहिरातपट यापेक्षा चांगला कोणी केलेला मला माहीत नाही. त्याच संचात ऑस्कर मिळवणारं ‘डेर फ्यूरर्स फेस’ आहे आणि जर्मनीतल्या एका पोराला नाझी कसं घडवतात ते दाखवणारं ‘एज्युकेशन फॉर डेथ’ही आहे. ते बघितल्यावर हसू येत नाही. डिस्ने म्हणजे गोडगोड, असं ज्यांचं मत आहे त्यांनी आधी ते बघावं.

या चित्रांत जपानी आणि जर्मन माणसं जशी काढली आहेत ती आज डोळ्यांना खुपतात. इतर संचांतल्या काही चित्रांत काळ्या माणसांची टिंगल आहे. मॉल्टिन ते झाकत नाही. चित्राआधी समोर येऊन हे त्या काळचं आहे, चूक होतं, पण होतं, असं तो सांगतो आणि मग चित्र दाखवतो. हाच प्रामाणिक मार्ग आहे. उलट बाजूला 1946चं ‘साँग ऑफ द साउथ’ बघा. डिस्नेनं ते अमेरिकेत घरी बघण्यासाठी पूर्ण स्वरूपात कधीच काढलं नाही. ज्यांना त्यावर टीका करायची आहे त्यांनाही जपानी लेझरडिस्क नाहीतर ब्रिटिश कॅसेट शोधावी लागते. इथेही अभ्यासकाच्या मदतीला आला तो संग्राहकच.

हे सगळं मराठी वाचकाला कशाला, असं कोणी विचारेल. दादासाहेब फाळक्यांच्या 1913च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा आज काही भागच उरला आहे, म्हणून. 2003च्या जानेवारीत पुण्यात, एफटीआयआयच्या आवारात साठवलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म आगीत गेल्या, म्हणूनही. नायट्रेट एकदा पेटलं की पाण्यानं विझत नाही. जे एकाच ठिकाणी होतं ते एकाच आगीत संपलं. काही वर्षांनी मोझर बेअर या कंपनीनं 34 रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली, तेव्हा नाकं मुरडणारे पुष्कळ होते. कागदी पाकीट, आत बहुतेकदा ना प्रस्तावना ना माहितीपट. मान्य. पण जुने सिनेमे घराघरात गेले. डिस्नेच्या डब्यातली माहिती आणि त्या पाकिटाची किंमत, या दोन्हींची गाठ आपल्याकडे कोणी घालून दिली असती तर फार मोठं काम झालं असतं. मॉल्टिनसारखा एखादा जाणकार पडद्यावर येऊन ‘प्रभात’च्या एकेका चित्रपटाबद्दल दहा मिनिटं बोलतो आहे, असा संच घेण्यासाठी मी रांगेत पहिला उभा राहीन.

आता सगळं ऑनलाइन आहे, डबे कशाला, असं म्हणणाऱ्यांना ‘क्रेटर’ आठवत असेल. डिस्ने प्लसवर तो चित्रपट 2023च्या मेमध्ये आला आणि जूनच्या अखेरीस काढून टाकला. डिस्क निघालीच नव्हती. पुढच्या वर्षी डिस्नेनं अमेरिकेतलं आपलं डिस्कचं काम सोनीकडे सोपवलं. ज्यांनी ‘क्रेटर’ केला त्यांच्याच कपाटात तो ठेवायची सोय नव्हती.

म्हणून जुने संच घ्या, पण बघण्यासाठी घ्या. अमेरिकन संच रीजन 1चे आणि एनटीएससी आहेत, आपल्याकडचा रीजन 5 आहे, तेव्हा सगळे रीजन चालवणारा प्लेअर आधी बघा. विकणाऱ्याकडे डब्याचा फोटो मागू नका, डिस्कच्या मागच्या बाजूचा मागा, उजेडात तिरपी धरून काढलेला. पत्रा आपल्या दमट हवेत गंजतो. मुंबईत किंवा कोकणात असाल तर डिस्क बाहेर काढून वेगळ्या केसमध्ये ठेवा आणि डबा गंजला तर गंजू द्या. शेजारच्या पोरांना दाखवा. उसनी द्या. घरच्या वापरासाठी एक प्रत काढून ठेवा, कारण डिस्कही अमर नाही.

आणि ओस्वाल्डचा नवा संच निघायला हवा. 2007नंतर सापडलेली चित्रं त्यात घाला, आणि जिथे अर्धंमुर्धंच हाती आलं आहे तिथे तेवढंच दाखवा. 1927च्या चित्रांवरचा अमेरिकेतला हक्क 2023मध्ये संपला, 1928च्या चित्रांवरचा 2024मध्ये. म्हणजे हे काम डिस्नेनंच करावं असं आता राहिलेलं नाही. एखाद्या ग्रंथालयानं करावं, एखाद्या विद्यापीठानं करावं, चांगल्या प्रिंटवरून करावं आणि मागणी येईल तितक्या प्रती काढाव्यात. नंबर घालू नका.