रकाना क्रमांक ७

पैशाचं ऑडिट झालं, विजेचं झालं, पुलांचं झालं. आता आपल्या नागपुरातल्या एका कार्यालयात माहितीचं आणि ज्ञानाचंही ऑडिट पार पडलं. कार्यालय कोणतं ते विचारू नका. जिन्याच्या कोपऱ्यात खर्र्याच्या पिचकाऱ्या आहेत, एवढ्या खुणेवर ओळखा.

सल्लागारांनी एक तक्ता वाटला. माहिती कोणती, येते कुठून, जाते कुठे, किती वर्षं जपायची? सहा रकाने पटापट भरले. जपणुकीची वर्गवारी तर बाबूंना झोपेतही पाठ: 'अ' कायमचं, 'ब' ३० वर्षं, 'ड' वर्षभरात रद्दी. गाडी अडली सातव्या रकान्यात. तिथे छापलं होतं, 'या माहितीचा मालक कोण?'

वास्तविक या कार्यालयात मालकीचा घोळ अजिबात नाही. मे महिन्यात कूलरचं तोंड चार बोटं वळवून बघा, मालक ताबडतोब फाइलीतून मान वर काढतो. खुर्चीवरची उशी, खिडकीजवळची खुंटी, कान तुटलेला कप, सगळ्यांना मालक आहेत. माहिती तेवढी पोरकी. आवकवाले म्हणाले, "मी फक्त शिक्का मारतो." रेकॉर्डवाले म्हणाले, "गठ्ठा बांधनं माझं काम हाय बाप्पा, आत काय हाय थे मले काहून विचारून राहिले?" साहेबांकडे अतिरिक्त कार्यभार. शेवटी एका मुरलेल्या हाताने वरपासून खालपर्यंत एकच शब्द लिहिला: 'संबंधित'.

सल्लागार परप्रांतातले. त्यांना ते आडनाव वाटलं. अहवालात त्यांनी गंभीर इशारा दिला: या संस्थेचं जवळपास सगळं ज्ञान श्री. संबंधित या एकाच व्यक्तीपाशी साठलं आहे. ते उद्या निवृत्त झाले तर कामकाज ठप्प होईल. सबब त्यांची सविस्तर मुलाखत घ्यावी, त्यांच्या हाताखाली दोन तरुण तयार करावेत आणि तोवर त्यांची रजा मंजूर करू नये. मग शोधाशोध सुरू झाली. हजेरीपटात नाव नाही, पगारपत्रकात नाही. शिपायाला विचारलं, तर तो सवयीने म्हणाला, "आत्ताच तर होते भाऊ, चहाले गेले असतीन." सल्लागार टपरीवर जाऊन तासभर बसले. बिलही त्यांनीच दिलं.

हसू नका. याच गृहस्थांना मी तीन वर्षं शोधतो आहे. वडिलांच्या घराच्या नोंदीसाठी एका कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, तर उत्तर आलं, 'अभिलेख आढळून येत नाही, संबंधितांशी संपर्क साधावा.' अहो, अर्ज चुकीच्या दारात पडला असेल, तर तो पाच दिवसांत योग्य दारी पोचवणं कायद्याने तुमच्याच गळ्यात आहे! आणि ऑडिटचं कौतुक कसलं सांगता? २००५च्या याच कायद्याचं कलम ४ काढून वाचा. अभिलेखांची सूची करा, तुमच्यापाशी कोणते कागद आहेत, कोणता अधिकारी काय करतो, माहिती द्यायला कोण बसलंय, हे सगळं १७ बाबींत १२० दिवसांच्या आत जाहीर करा. हे माहितीचं ऑडिट नाही तर काय? फुकटचं होतं, म्हणून गोड लागलं नाही. शिवाय टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षं आहे. चालू कुठला, प्रतीक्षेतला कुठला, नष्ट करायचा कुठला, सगळं त्यात येतं. त्यासाठी लॅपटॉप लागत नाही, सुतळी लागते. आमच्याकडून मात्र आमच्याच जन्माचा, आमच्याच बापाच्या मरणाचा कागद मागतात. तोही साक्षांकित, तीन प्रतींत!

तेव्हा साहेब, सातव्या रकान्यात एक नाव लिहा. टेबल क्रमांकासह, जिवंत माणसाचं. आम्ही पेन्शनर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो. यंदा एकदा तुमच्या 'संबंधितां'चा येऊ द्या.