बटणं पाच, रस्ता एकच

मोबाईलवरच्या गोष्टींच्या खेळांत सध्या एक धंदा जोरात आहे. नायिका दारात उभी असते आणि पडद्यावर बटणं येतात: गप्प राहा, भांड, समजूत काढ. पहिली दोन फुकट. तिसऱ्याला हिरे लागतात आणि हिऱ्यांना खरे पैसे. बरं, पैसे न मोजता 'भांड' दाबलं तर एक ओळ बदलते, पुढच्या प्रसंगात सगळं होतं तसंच. बटणं कितीही असोत, रस्ता एकच. ही वाचकाची उघड फसवणूक आहे. राहुरीच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघणारी कॉलेजची मुलं यावरच वाढली, तर इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणजे एवढंच असं त्यांना वाटेल, आणि मला राग त्याचा येतो. हा प्रकार पन्नास वर्षांचा आहे आणि त्यात अस्सल साहित्य आहे.

सुरुवात गुहेतून झाली. विल क्राउदर हा अमेरिकी प्रोग्रामर केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये उतरायचा, तिचे नकाशे करायचा. घटस्फोटानंतर मुलींना खेळायला काहीतरी द्यावं म्हणून त्याने १९७०च्या दशकाच्या मध्यावर 'ॲडव्हेंचर' लिहिला. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने त्यात भर घातली. चित्र एकही नाही. खेळाडूने टाइप करायचं, 'उत्तरेला जा', 'दिवा घे', आणि संगणकाने पुढे काय दिसतं ते सांगायचं. तो खेळ आजही उभा आहे, कारण लिहिणाऱ्याने ती गुहा स्वतः सरपटत पार केली होती. जागा पाहिलेल्या माणसाला अंधार उभा करायला दोन ओळी पुरतात.

'झॉर्क'च्या भक्तांशी मात्र माझं पटत नाही. एमआयटीतल्या चौघांनी १९७७ मध्ये तो लिहायला घेतला, पुढे इन्फोकॉम कंपनीने तो घरगुती संगणकांवर नेला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला केला. इतिहास म्हणून त्याला मान आहे. खेळ म्हणून तो छळ करतो. कंदील विझत जातो, चोर येऊन वस्तू पळवतो, हातात मावत नाही म्हणून एक वस्तू टाकून दुसरी उचलावी लागते. जग एवढं मोठं, आणि त्यात आपण नुसते लुटारू: खजिना उचला, कपाटात ठेवा, गुण घ्या.

डग्लस ॲडम्स आणि स्टीव्ह मेरेत्झ्की यांचा १९८४चा 'हिचहायकर्स गाइड' वाचायला झकास आहे आणि खेळायला अन्यायी. सुरुवातीला एका कुत्र्याला सँडविच घातलं नाही, तर त्याची शिक्षा कितीतरी वेळाने मिळते, तीही मरणाची, आणि तिथून मागे फिरता येत नाही. आपण काही निवडतोय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने निवडलं असं म्हणायचं कसं?

इथे माझी कसोटी सांगतो. पर्याय किती आहेत याला महत्त्व नाही. आपण निवडतोय हे कळलं पाहिजे, पुढचं पूर्ण कळता कामा नये, आणि निवडलेलं आपल्या अंगावर राहिलं पाहिजे.

या कसोटीला अँड्र्यू प्लॉटकिनचा 'स्पायडर अँड वेब' सोन्यासारखा उतरतो. आपण पकडले गेलेले आहोत, खुर्चीला जखडलेले. समोरचा अधिकारी विचारतो, आत कसा शिरलास? मग आपण तो भूतकाळ खेळतो. जमलं नाही की अधिकारी अडवतो: हे खोटं आहे, पुन्हा सांग. इतर खेळांत चूक झाली की खेळ मागे नेऊन पुन्हा सुरू करायचा आणि झालं ते विसरायचं. इथे ती चूकच जबानीचा भाग होते. नंतर एक क्षण असा येतो की इतका वेळ आपल्याच हाताने काय दडवलं गेलं ते लख्ख दिसतं, आणि एक आज्ञा टाइप करायची उरते. ती कोणती, हे मी कुणालाही सांगत नाही.

तो खेळ १९९८चा. त्याच वर्षी ॲडम केड्रेच्या 'फोटोपिया'ने आयएफकॉम ही स्पर्धा जिंकली. टेक्स्ट गेमची ही वार्षिक स्पर्धा १९९५ पासून चालते. 'फोटोपिया'त खेळाडूच्या हातात जवळजवळ काही नाही. प्रसंग उलटसुलट क्रमाने येतात, दर वेळी आपण वेगळ्याच माणसाच्या जागी असतो. एकदा आपण बाप असतो, लहानग्या ॲलीला आकाश समजावून सांगत असतो. हळूहळू उमगतं की पुढे काय होणार आहे, आणि खेळ ते थांबवू देत नाही. याला खेळ म्हणायचं का, असा वाद तेव्हापासून आहे. माझ्या मते हाच खेळ. कादंबरीत आपण दुःखाचे साक्षीदार असतो. इथे त्या प्रसंगाकडे नेणारी एकेक आज्ञा आपण स्वतः टाइप केलेली असते. हात बांधलेले आहेत हे आधी कळायला हात हलवून पाहावे लागतात. 'फोटोपिया' ते हलवायला लावतो. एका बैठकीत संपतो, पण दुसऱ्या दिवशी कामात लक्ष लागत नाही.

आता बटणांचीच बाजू घेतो, कारण बटण हा गुन्हा नाही. २०१४चा '८० डेज' पूर्ण बटणांवर चालतो आणि उत्तम आहे. मूळ कादंबरी ज्यूल व्हर्नची, १८७३ची. तिच्यात ऐंशी दिवसांत जगाची फेरी मारायची पैज लावलेला फॉग मुंबईहून रेल्वेने निघतो आणि आपला मुलूख व्हर्न दोन-चार वाक्यांत उरकतो: मालेगावपलीकडे कालीच्या उपासकांनी रक्ताळलेला प्रदेश, जवळ वेरूळ, आणि क्रूर औरंगजेबाची राजधानी. झालं. इथे माणसं राहतात, याची दखल नाही. खेळ लिहिणाऱ्या मेघना जयंत यांनी हे पार उलटं केलं. आपण फॉगचा नोकर पासपार्तू. ज्या गावात जाऊ तिथल्या माणसांना त्यांची कामं आहेत, त्यांची राजकारणं आहेत, ती आपल्यासाठी थांबून राहत नाहीत. कुठलं वाहन घ्यायचं, कुणाशी बोलायचं, मालकाची मर्जी राखायची की स्वतःचं मन, हे सगळं ठरवताना दिवस सरत असतात. प्रत्येक बटणाला दिवसाची किंमत आहे. हिऱ्यांची गरजच काय?

आणि हे आपल्याला परकं का वाटावं? सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकात 'वेताळपंचविशी' मराठीत आणली. तिची रचना बघा. वेताळ राजाला गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो आणि बजावतो: उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल. बोललास तर वेताळ पुन्हा झाडावर. शहाणपण दाखवलं की राजा पहिल्या जागी येतो, आणि शेवटी उत्तर सुचत नाही म्हणून तो गप्प राहतो, तेव्हाच गोष्ट पुढे सरकते. यापेक्षा कसदार रचना मी कुठल्याही संगणकावर खेळलेलो नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात एका बाजूने कवनातून कोडं घालायचं, दुसरीने कवनातूनच ते सोडवायचं. शक्ती थोर की शिव, याचा निकाल रात्रभर लागायचा नाही. आपल्याच तालुक्यातल्या ताहाराबादचे महिपती 'भक्तविजया'त श्रोत्यांना सतत हाका मारतात. ऐकणारा गोष्टीत असतो, ही समज इथे जुनी आहे.

मग राहुरीच्या मातीतला मराठी टेक्स्ट गेम मला खेळायला का मिळू नये? अडचणी खऱ्या आहेत. आज्ञा टाइप करण्याच्या खेळात मराठी नाम जागेवर राहत नाही: 'दिवा घे', पण 'दिव्यात तेल घाल'. ही सामान्यरूपं संगणकाला शिकवावी लागतील. शिवाय 'तू आत आलास' लिहिलं की खेळाडू पुरुष ठरला, 'आलीस' लिहिलं की बाई. 'तुम्ही आत आलात' म्हटलं की हा पेच सुटतो, आणि निवेदकाला एक अदबही येते. ज्यांना एवढं झंझट नको, त्यांच्यासाठी ट्वाइन आहे. क्रिस क्लिमसने २००९ मध्ये काढलेलं, बटणांच्या गोष्टी रचायचं हे साधन फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, देवनागरी सरळ घेतं. मजकूरच असल्यामुळे अंध मित्रही स्क्रीन रीडर लावून तोच खेळ खेळू शकतात.

विषय तर दारात पडलाय. उन्हाळ कांदा निघालाय. आजच वांबोरीच्या लिलावात न्यायचा की चाळीत भरायचा? पुढे भाव चढेल, किंवा ८ डिसेंबर २०२३ला झाली तशी निर्यातबंदी येईल आणि ती उठेपर्यंत मे उजाडेल. चाळीत कोंब फुटतील, खालचा थर सडेल. सोसायटीचं कर्ज थांबत नाही. पुढच्या पिकाला मुळा धरणाच्या पाण्याच्या आवर्तनासाठी सात नंबरचा अर्ज भरायचा की विहिरीच्या भरवशावर राहायचं, हेही आत्ताच ठरवायचंय. निवडतोय हे पक्कं ठाऊक, पुढचं ठाऊक नाही, विकलेला कांदा परत येत नाही. माझी कसोटी या तालुक्यातला प्रत्येक कांदावाला दरवर्षी खेळतो.

कृषी विद्यापीठातल्या मुलामुलींनी हे हाती घ्यावं. एकाने ट्वाइनमध्ये उतारे जोडावेत, एकाने बाजारभावाच्या नोंदी काढून फांद्यांना लावाव्यात, आणि जिच्या घरी चाळ आहे तिने एकेक वाक्य तपासावं. तिला पटणार नाही ते वाक्य काढून टाकावं. चित्रं नकोत, गाणी नकोत. दहा-बारा फांद्या भरपूर झाल्या, फक्त त्या पुढच्या वळणावर पुन्हा एकत्र येऊन मिळाल्या तर मी याच सदरात नावानिशी लिहीन.