गिझर तापेना: नांदेड-लातूरकरांसाठी अधिकृत मार्गदर्शिका

थंड मुलखात अख्खं घर तापवणारी भट्टी असते म्हणे. आपल्याकडे ते खातं सूर्याने परस्पर घेतलेलं असल्याने ही मार्गदर्शिका फक्त न्हाणीघरापुरती आहे. डिसेंबरच्या पहाटे पहिला तांब्या अंगावर घेताच ‘अगं आई गं’ निघालं, की चौकशी सुरू करावी.

‘बटन कुणी बंद केलं?’ असं विचारू नये. या प्रश्नाचं उत्तर आजवर कुठल्याही घरात मिळालेलं नाही.

मग लाईट बघावी. लाल दिवा लागला म्हणजे लाईट आहे, हा भोळेपणा झाला. ऐन रब्बीत शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की २३० व्होल्टचे १६५ होतात आणि गिझरची ताकद थेट निम्म्यावर येते. वीस मिनिटांत तापणारं पाणी चाळीस मिनिटं घेतं. हा बिघाड नव्हे, लवकर उठावं.

पाणी आहे का, हेही पाहावं. कंपनीच्या पुस्तिकेत हे एका ओळीत उरकलेलं असतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातुरात ही ओळ इतक्या हलक्याने घेत नाहीत. गिझर मात्र बाहेरगावचा, त्याला यातलं काही ठाऊक नसतं. कोरडा असताना बटन दाबलं तरी तो इमानेइतबारे तापतो आणि कॉईल जाळून बसतो.

एवढं करूनही पाणी कोमटच, तर गुन्हेगार बहुधा बोअर. काळ्या खडकातून उपसलेलं पाणी जड; त्यात डाळ शिजायला वेळ लावते, साबणाला फेस धरत नाही. तापलं की त्यातला क्षार कॉईलवर बसतो. मेन स्विच बंद करून मिस्तरी ती ओढून काढतो, तेव्हा हातात येतो पांढरा, खडबडीत दांडका. पान्याने ठोकला की फरशीवर खपल्यांचा सडा. आत कॉईल भाजून निघतेय आणि बाहेर पाण्याला पत्ता नाही, असा हा कारभार. ‘बोअरचं वापरता का ओ?’ असं तो विचारेल. ‘छे, नळाचंच,’ असं सांगताना पाय खपल्यांवर ठेवावा. कॉईल शाबूत असेल तर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवावी, क्षार सुटतो. फुटली असेल तर नवी.

तोवर बादलीत रॉड सोडता येतो. पाणी तापलं का ते बोट घालून पाहणाऱ्यांनी आधी पिन काढावी. या एका सूचनेत विनोद नाही. आजीला मात्र यातलं काही कळू देऊ नये. ती माळ्यावरचा तांब्याचा बंब उतरवायला लावते आणि मग लातूरकडे तुराट्या, नांदेडकडे पऱ्हाट्या गोळा करत फिरावं लागतं. बंबाला फेज लागत नाही, फुंकणी लागते.

मिस्तरी ‘उद्या कॉईल घेऊन येतो’ म्हणाला, तर त्याची वाट महाशिवरात्रीपर्यंत पाहावी. त्या दिवशी थंडी शिव शिव म्हणत जाते. पुढे गच्चीवरची काळी टाकी कारभार हाती घेते, आणि मे महिन्यात आंघोळीचं पाणी निववण्यासाठी रात्रीच बादली भरून ठेवावी लागते. त्याची मार्गदर्शिका वेगळी आहे.