एकतीस मार्चच्या त्या जर्नल नोंदीबद्दल

शेठ,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची माझी सवय आहे. आज ते शब्द हाताला येत नाहीत. तुमचं नाव, पेढीचं नाव, गाळा नंबर मी इथे लिहिणार नाही. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात हे पत्र कुणी वाचून दाखवलं, तर ते कोणासाठी आहे हे तुम्हाला दोन ओळींत कळेल. मला तेवढं पुरे आहे.

तुमच्या टॅलीत एकतीस मार्च तारखेची एक जर्नल नोंद आहे. एफ-७ दाबून केलेली. तेवीस शेतकऱ्यांची खाती नावे, ‘वजन घट’ खातं जमा, आणि खाली बाबत म्हणून एकच ओळ : ‘बीइंग ॲडजस्टमेंट एंट्री’. वर्षअखेरीच्या कामाला तुम्ही मला बोलावलंत तेव्हा ती माझ्यासमोर आली. तीस वर्षं मी या बाजारातल्या पेढ्यांचे हिशेब लिहितोय. ‘ॲडजस्टमेंट’ शब्द दिसला की पान उलटायचं नाही, हे मला माझ्या पहिल्या मुनीमजींनी शिकवलं. नोंदीच्या आधी तुम्ही तेवीस माणसांचं देणं लागत होतात. नोंद झाली आणि देणं संपलं. मधे गल्ल्यातली नोट हलली नाही, बँकेतून रुपया गेला नाही, कुणाची सही झाली नाही.

जर्नलचा धोका हाच असतो. पेमेंट व्हाउचरला बँकेचं स्टेटमेंट साक्षीला असतं, रिसीटला पैसे देणारा असतो, विक्रीला बिल आणि माल घेणारा असतो. जर्नलमागे बहुतेकदा कुणीच नसतं. घसारा, मार्चचा द्यायचा राहिलेला पगार, चुकून भलत्या खात्यात पडलेली रक्कम जागेवर नेणं, ही सगळी सरळ कामं त्यानेच होतात, म्हणून त्याच्यावाचून चालतही नाही. पण बाबतच्या ओळीत कशासाठी, कोणत्या कागदावरून, कोणाच्या सांगण्यावरून हे लिहिलं, तरच त्या नोंदीला अर्थ. तुम्ही ती ओळ मुकी ठेवलीत, कारण ती बोलली असती तर तुमच्या विरुद्ध बोलली असती.

आता घटीबद्दल. कांदा सुकतो, वजन उतरतं, हे मला शिकवू नका. पण पट्टी होते ती वजन झाल्यावर. गोणी, वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा आणि खाली शेतकऱ्याला द्यायची रक्कम. त्या कागदावर तुमच्याच पेढीचा शिक्का असतो. त्यानंतर कांदा सुकला तर घेणाऱ्याचा सुकला. विकलेल्या मालाची घट शेतकऱ्याच्या खात्यात टाकायला जागाच उरत नाही. मुळात ते पैसे तुमचे नव्हतेच. आडतदार माल विकत घेत नाही, दुसऱ्याचा माल विकून देतो. २०१६ पासून तर आडतसुद्धा शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची. म्हणजे पट्टीवरची रक्कम तुमच्याकडे ठेव म्हणून होती, आणि ठेव तुम्ही उत्पन्नात घेतलीत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजार समितीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा आणला होता. भाव मिळाला किलोला एक रुपया. भाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात आला दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. साऱ्या महाराष्ट्राने तो चेक पाहिला आणि हळहळला. पण तिथे निदान प्रत्येक कपात पट्टीवर लिहिलेली होती, शेतकरी ती वाचू शकत होता, भांडू शकत होता. तुमची कपात पट्टीवर नाही. ती तुमच्या काँप्युटरमध्ये आहे आणि ज्याचे पैसे गेले त्याला ती कधीच दिसणार नाही.

एकाला मात्र सुगावा लागला. ओतूरहून एक शेतकरी पट्टी घेऊन गाळ्यावर आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्या करून ठेवलेला तो कागद. मी कोपऱ्यात बसलो होतो. त्याने आवाज चढवला नाही. “माझं खातं बघा ना एकदा,” एवढंच तो म्हणत राहिला. तुम्ही त्याला आत नेलंत, रोख हातावर ठेवलीत आणि रात्री नोंदीतून त्याचं नाव काढलंत. तेवीसचे बावीस झाले. इथे तुम्ही अडकलात.

कारण चार वर्षांपूर्वी कर्ज मिळावं म्हणून तुम्ही पेढीची प्रायव्हेट लिमिटेड केलीत. कंपनी अकाउंट्स नियमांत २४ मार्च २०२१ रोजी दुरुस्ती झाली, दोनदा पुढे ढकलली गेली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. कंपनीचे हिशेब सॉफ्टवेअरवर असतील तर त्यात प्रत्येक नोंदीच्या प्रत्येक बदलाचा माग, म्हणजे एडिट लॉग, बदलाच्या तारखेसह, राहिलाच पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये. ऑडिटरलाही अहवालात लिहावं लागतं की हा माग वर्षभर चालू होता का, त्याच्याशी कुणी छेडछाड केली का. भागीदारी पेढ्यांना हा नियम नाही. तिथे आजही आल्ट-डी दाबून व्हाउचर पुसलं जातं, आणि नंबर आपोआप घेण्याची जुनी पद्धत असेल तर मागचे नंबर पुढे सरकून रिकामी जागाही बुजते. शिवलेल्या चोपडीतलं एक पान फाडलं की त्याचं जोडपान सैल होऊन चोरी सांगायचं. टॅलीत तेवढीही खूण राहत नाही. तुमच्याकडे मात्र राहिली. नोंद एकतीस मार्चची, पण केलेली नऊ एप्रिलला, रात्री सव्वाअकराला. आधी तेवीस नावं, मग बावीस.

ऑडिटरने विचारलं तेव्हा तुम्ही बोट दाखवलंत ते तुमच्या गाळ्यावर नोंदी करणाऱ्या मुलीकडे. कारण माग तिच्या नावाचा निघाला.

ती मुलगी कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतली. वडील याच बाजारात पाठीवर गोणी वाहून थकलेले. माथाडींसाठी १९६९ साली कायदा झाला, हमालाची मजुरी मालकाच्या मर्जीतून निघून मंडळाच्या हिशेबात आली, आणि त्या हिशेबावर अशी घरं उभी राहिली. बी.कॉम. करून ती तुमच्याकडे लागली. संध्याकाळी सात वाजता निघायची, तुर्भ्याहून गाडी पकडायची. रात्री सव्वाअकराला ती गाळ्यावर नव्हती हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, कुलूप लावणाऱ्या भय्यालाही माहीत आहे. पण पहिल्या आठवड्यात तुम्ही तिचा पासवर्ड मागून घेतलात आणि पुठ्ठ्यावर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवलात. एडिट लॉग हात ओळखत नाही, तो पासवर्ड ओळखतो. तिच्या नावाने लिहिलंत आणि तिला घरी पाठवलंत. ती मला “काका, मी काय चुकले?” असं विचारत होती. शेतकऱ्यांचे पैसे परत करता येतील, शेठ. तिच्या त्या प्रश्नाचं तुम्ही काय करणार आहात?

तुम्ही मला म्हणालात, “एवढ्या रकमेचं काय घेऊन बसलात.” मुंबईत मोठ्या रकमाही याच वाटेने गेल्या. २०१८ मध्ये उघड झालं की पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेतून हमीचे संदेश परदेशी बँकांना जात होते आणि बँकेच्या मुख्य हिशेब प्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१९ मध्ये, पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. तिथे उलट प्रकार होता : बुडीत कर्जाची ४४ खाती झाकायला एकवीस हजारांहून अधिक बनावट खाती दाखवलेली होती. नवी मुंबईतल्या किती घरांत त्या सकाळी चूल पेटली नसेल! सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. शाखेच्या बंद शटरसमोर पासबुक घेऊन उभी असलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या पासबुकातला आकडा बरोबरच होता.

आपल्याकडे रोजकीर्द हा शब्द टॅलीच्या कितीतरी आधीचा आहे. पेशव्यांच्या दफ्तरात रोजकीर्दी आजही आहेत. ज्या दिवशी व्यवहार त्या दिवशी नोंद, आणि नोंदीत कोणाकडून, कोणाला, कशाबाबत. एवढ्या मोठ्या दौलतीचा कारकून समईच्या उजेडात हे लिहीत होता. तुमच्यासमोर तर वीज आहे, सॉफ्टवेअर आहे, जमा-नावेची बेरीज ते स्वतः जुळवतं. बेरीज जुळते म्हणजे हिशेब खरा असं तुम्ही धरून चाललात. तुमच्या नोंदीचीही बेरीज जुळत होती.

मी तुमच्या ताळेबंदाचं काम सोडलं आहे, हे तुम्हाला कळलं असेल. परत यायला माझी अट आहे. जुनी नोंद पुसायची नाही, तिथेच राहू द्यायची. पुठ्ठा फाडायचा. त्या मुलीला बोलावून, ऑडिटरच्या देखत, नोंद कोणी केली ते सांगायचं. मग तुमच्या स्वतःच्या लॉगिनमधून, आजच्या तारखेला, एफ-७ दाबून हे लिहायचं :

वजन घट खाते नावे. बावीस शेतकऱ्यांची खाती जमा, प्रत्येकाचं नाव, गाव, पट्टी नंबर आणि रक्कम वेगळी. बाबत : एकतीस मार्चची नोंद चुकीची होती, ती मी स्वतः केली होती, शेतकऱ्यांचे पैसे देणे बाकी.

आणि त्याच दिवशी बावीस पेमेंट व्हाउचर, बँकेतून.